पॉवर बँकेचा आकडा मोजून घ्या

गेल्या पावसाळ्यात मालेगावात आमचा ट्रक भरून उभा होता. ग्रे कापड राजस्थानात पालीला जायचे. वीज गेलेली, त्यात लॅपटॉपने मान टाकली. परराज्यात ५० हजारांवरचा माल ई-वे बिलाशिवाय निघत नाही, आणि सारा हिशेब त्या लॅपटॉपमध्ये. ड्रायव्हर चहावर चहा पीत बसला.

दुसऱ्याच दिवशी मुलाने पॉवर बँक आणली. २०,००० एमएएच! पण निघाली मोबाइलची. लॅपटॉपने तिला जुमानलेच नाही.

व्यापारी बांधवांनो, तागा आपण छापावर विश्वासून घेत नाही, मोजून घेतो. इथेही तसेच करा. एमएएचचा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. त्याला ३.७ ने गुणून हजाराने भागा, २०,००० चे ७४ वॅट-अवर होतात. त्यातही काही वीज वाटेत वाया जाते. म्हणजे ५० वॅट-अवरची बॅटरी जेमतेम एकदा भरेल. दुकानदार दोनदा सांगेल, तो माल खपवायला बसला आहे.

मग वॅट पाहा. लॅपटॉपच्या चार्जरवर ६५ लिहिले असेल तर बँकेच्या टाइप-सीमधून पीडी पद्धतीने तेवढे मिळायला हवेत. जुना लॅपटॉप टाइप-सीवर चार्ज होत नसेल तर हा खर्च करूच नका, पेढीवर इन्व्हर्टर बसवा. विमानाने जाणाऱ्यांनी १०० वॅट-अवरच्या आतलीच घ्यावी, आणि ती हातातल्या बॅगेत ठेवावी.

आमची आता गल्ल्याशेजारी असते. मुलाने आणलेली पहिली त्याच्याच मोबाइलला लागते.