टोपलीचा भाव

पुरीम जवळ आला की आमच्या वस्तीतील चार-पाच घरांतून पुरणाचा आणि वेलदोड्याचा वास येऊ लागतो. कोणी पुरणपोळ्या करते, कोणी करंज्या, कोणी चिकाचा हलवा घोटते. मग हे जिन्नस टोपलीत मांडून, वर रंगीत कागद बांधून ओळखीच्या घरी विकले जातात. आपल्या भगिनींनी हाती घेतलेल्या या लहानशा धंद्याचे आम्हांस फार कौतुक वाटते. परंतु आम्ही असेही पाहिले आहे की दोन-तीन वर्षांत यांपैकी बऱ्याच जणी तो सोडून देतात. हातची चव तर बिघडलेली नसते. मग असे का व्हावे? आमच्या मते थोडा दोष विकण्याच्या रीतीत आहे, आणि पुष्कळसा दोष विकत घेणाऱ्या आपणा सर्वांत आहे.

हा विचार आमच्या मनात आला तो घरी नव्हे, दूर जपानात. आमची पुतणी आणि तिचे यजमान नोकरीनिमित्त टोकियोजवळच्या उरायासु शहरी राहतात. त्यांच्याकडे काही आठवडे राहण्याचा योग आला.

उरायासु हे मूळचे एदो नदीच्या मुखाशी वसलेले कोळ्यांचे गाव. तेथील संग्रहालयात १९५२ सालच्या गावाची प्रतिकृती उभारली आहे. त्या होड्या, ती जाळी आणि ती खेटून उभी असलेली लाकडी घरे पाहताना आपल्या नवगाव-अलिबागच्या किनाऱ्याची आठवण झाली. १९५८ साली एका कागद कारखान्याच्या घाण पाण्याने तेथील मासेमारीवर मोठे संकट आणले. पुढे कोळ्यांनी मासेमारीचे हक्क १९६२ मध्ये काही अंशी आणि १९७१ मध्ये पूर्णपणे सोडले. समुद्रात भर घालून गावाची जमीन सुमारे चौपट झाली, आणि त्याच भरावावर १९८३ साली डिस्नीलँड उघडले. १९५३ पासून चालत आलेला मासळीबाजारही मार्च २०१९ मध्ये बंद झाला. तरीसुद्धा जुन्या भागात अजून काही दुकाने आहेत, जेथे कोकणात ज्यांना आपण तिसऱ्या म्हणतो तसले शिंपले काडीला ओवून भाजतात, आणि लोक ते भेट म्हणून बांधून नेतात. समुद्र गेला, माल बाहेरून येऊ लागला, तरी 'उरायासुची भेट' म्हणून तो पदार्थ टिकला आहे.

तो पदार्थ आपणांस वर्ज्य, म्हणून आम्ही चाखला नाही. परंतु विकण्याची रीत पाहावयास कश्रुतची आडकाठी नाही. त्या शहरात आम्ही तीन गोष्टी शिकलो.

पहिली गोष्ट अशी की भेटीची वस्तू विकणाऱ्याने ती घेणाऱ्याचा नव्हे, जिला ती पोहोचावयाची त्या व्यक्तीचा विचार आधी करावा. जपानी माणूस प्रवासाहून परतताना कचेरीतील सोबत्यांसाठी खाऊ आणतो. त्यास ते ओमियागे म्हणतात. म्हणून अशा मिठाईच्या पेटीत प्रत्येक नग वेगळ्या वेष्टनात असतो, आणि पेटीवर नगांची संख्या व टिकण्याची तारीख छापलेली असते. घेणारा मनात माणसे मोजतो आणि पेटी उचलतो. दुकानदारास काही सांगावे लागत नाही.

दुसरी गोष्ट दिवसाची. तेथे उन्हाळ्यात ओचूगेन आणि वर्षअखेरीस ओसेइबो अशा भेटींच्या दोन ठरलेल्या वेळा आहेत, आणि व्यापारी त्यांची तयारी फार आधीपासून करतात. एवढ्यावर न थांबता तेथील मिठाईवाल्यांनी १९८० च्या सुमारास १४ मार्च हा नवाच दिवस रूढ केला: १४ फेब्रुवारीस ज्या पुरुषांना चॉकलेट मिळाले त्यांनी त्या दिवशी परतभेट द्यावी! आपणांस दिवस निर्माण करावयाची गरज नाही. पुरीमला एकमेकांस खाद्यभेटी पाठवाव्यात आणि गरिबांस दान द्यावे हे एस्तेरच्या ग्रंथातच सांगितले आहे. निदान एका माणसाला दोन तयार पदार्थ पाठवणे हे तर कर्तव्यच. म्हणजे गिऱ्हाईक शास्त्रानेच दिले आहे. मात्र आपल्या भगिनी सणाच्या आठवड्यात जाग्या होतात, तोवर लोकांनी दुकानातील तयार टोपल्या घेतलेल्या असतात. मागणी महिनाभर आधी, अर्धे पैसे घेऊन नोंदवली पाहिजे.

तिसरी गोष्ट किंमतीची, आणि येथे आम्हांस स्वतःचाच अपराध सांगितला पाहिजे.

काही वर्षांपूर्वी आम्ही आमच्या शेजारच्या एका बाईंकडून शाळेतील सहकाऱ्यांसाठी बारा टोपल्या करवून घेतल्या. "घरचाच भाव लावा," असे आम्ही हसत म्हणालो. त्यांनीही संकोचाने मान डोलावली. शाळेत टोपल्यांचे कौतुक झाले. "हे काय आहे, कुठे मिळते?" असे दोघी-तिघींनी विचारले. टोपलीवर ना नाव होते, ना दूरध्वनीचा क्रमांक. आणि चीक म्हणजे काय हे हिब्रूत सांगताना आमचीही तारांबळ उडाली. पुढल्या वर्षी आम्ही पुन्हा मागणी घेऊन गेलो, तेव्हा त्या बाईंनी धंदा सोडून एका कारखान्यात पाळीचे काम धरले होते.

तो हिशोब आम्ही नंतर मांडून पाहिला. समजा, एका टोपलीस सामानाचे २४ शेकेल, टोपली-कागदाचे १० आणि पोहोचवण्याचे ६, असे ४० लागले, आणि ती ४५ ला विकली. दहा टोपल्यांमागे ५० शेकेल उरले. त्यासाठी सोळा तास हात चालला असेल, तर तासाला तीन शेकेलांहून थोडे अधिक पडले. गॅस आणि वीज तर धरलीच नाही. आम्ही जिला 'घरचा भाव' म्हणालो, तो वास्तविक त्या बाईंच्या दोन दिवसांच्या श्रमांचा फुकट उपभोग होता.

मुंबईत १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील सात भगिनींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटावयास सुरुवात केली आणि पहिल्या दिवशी चार पुडकी केली. तीच पुढे लिज्जत झाली. स्वस्तातला दुय्यम माल काढू नये हे त्या लवकरच शिकल्या, आणि तोटा आला तरी कोणाची देणगी घेऊ नये, हा दंडक त्यांनी आरंभापासून पाळला. सवलत मागणे हाही देणगी मागण्याचाच प्रकार आहे. फरक इतकाच की येथे गरजू माणूस देतो आणि सुस्थित माणूस घेतो.

म्हणून आमची भगिनींस विनंती आहे: परवाना आणि कश्रुतचा दाखला यांची चौकशी आधी करा. टोपलीत हिब्रू आणि मराठी अशा दोन्ही भाषांत एक लहान चिठ्ठी घाला: पदार्थाचे नाव, त्यातील जिन्नस, टिकण्याची तारीख, तुमचे नाव. आपला हलवा नारळाच्या दुधाचा, म्हणून पार्वे आहे, मांसाच्या जेवणानंतरही चालतो, हे ठळक लिहा. दुकानातील चॉकलेटशी स्वस्ताईत स्पर्धा करू नका. तेथे तुम्ही हराल. जे दुकानात मिळत नाही तेच विका. आणि श्रमाचे तास मोजून भाव एकदाच, सर्वांस सारखा सांगा.

समाजबांधवांस विनंती एकच: हा भाव ऐकून घासाघीस करू नका. परक्याच्या दुकानात आपण छापील किंमत मुकाट्याने देतो. आपल्याच बहिणीच्या दारी मात्र आपली जीभ सैल होते.

आपल्या पूर्वजांनी कोकणात तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद असे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. गिऱ्हाईक शुक्रवारीच तेल नेत असेल. घाण्याने आपला नेम मोडला नाही, आणि तो नेमच त्यांची ओळख झाला. येत्या पुरीमला आम्ही पुन्हा बारा टोपल्या मागवणार आहोत, सांगतील त्या भावाने. त्या शेजारीणबाई पुन्हा हलवा घोटावयास तयार होतील की नाही, हे मात्र आता आमच्या हाती राहिलेले नाही.