सुरमईचा मणका आणि आपली गादी

आमच्या ओपीडीत कंबरदुखीचे रुग्ण रोजचेच. विरार लोकलमध्ये तास-दीड तास उभ्याने जाणारे कारकून, डोक्यावर मासळीची पाटी घेऊन फिरणाऱ्या कोळणी. त्यांच्यापैकी कुणीतरी अधूनमधून मोबाइल पुढे करून विचारतं, ‘डॉक्टर, पुण्यात गादी परत वाढवायचं औषध निघालंय म्हणे. मग मी व्यायाम कशाला करू?’

बातमीचं मूळ खरं आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचं झेब्राफिश या चिमुकल्या पट्टेदार माशावरचं काम २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. मणक्यांमधल्या गादीतल्या पेशी ‘सीसीएन२ए’ नावाचं प्रथिन तयार करतात. म्हाताऱ्या माशांच्या झिजलेल्या गादीत ते वाढवल्यावर तिथल्या पेशी पुन्हा विभागू लागल्या, तगल्या. औषध मात्र निघालेलं नाही.

पण माशाचा आपल्या कंबरेशी संबंध काय? गर्भात दोघांचीही सुरुवात एकाच लवचिक दांडीने होते, तिला पृष्ठरज्जू म्हणतात. (मेंदूकडून येणारा चेतारज्जू वेगळा.) आपल्यात या दांडीभोवती आधी कूर्चेचे मणके घडतात, मग त्यांचं हाड होतं. काटेरी माशांत दांडीच्या वेष्टणावरच ठरावीक अंतराने कॅल्शियमची कडी धरतात आणि त्यांवर बाहेरून हाड चढतं. कालवणातला सुरमईचा मणका नीट पाहा. डमरूसारखा, दोन्ही बाजूंनी खोलगट. त्या खळग्यांतला मऊ भाग म्हणजे पृष्ठरज्जूचा अवशेष. आपल्या गादीतला मधला गरही त्याच दांडीतून येतो.

फरक इथून पुढे. झेब्राफिशच्या गादीत त्या मूळ पेशी मोठेपणीही टिकतात; आपल्यात बालपण सरता सरता बहुतेक नाहीशा होतात. शिवाय माशाला पाणी तोलून धरतं. आपल्या कंबरेवर धडाचा सगळा भार, वर पाटी. प्रौढ माणसाच्या गादीच्या आत रक्तवाहिन्याही नसतात, म्हणून तिची दुरुस्ती मुळातच संथ. माशात जमलेलं माणसात जमेल का, हे कळायला बरीच वर्षं लागतील. तोवर ‘माशाच्या प्रथिनाची’ पावडर कुणी विकायला आलं तर पैसे खिशातच ठेवा.

त्या प्रश्नाला माझं उत्तर ठरलेलं आहे. गादी सरकून पायात कळ जाणारे बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत शस्त्रक्रियेविना बरे होतात. हालचाल चालू ठेवा, दिवसेंदिवस झोपून राहू नका. पण पायातली ताकद गेली, लघवी अडली किंवा बसण्याच्या जागी बधिरपणा आला, तर दुसऱ्या दिवसाची ओपीडी उघडण्याची वाट पाहू नका, रात्रीच कॅज्युअल्टीत या.