अण्णांची जादा तार

जुनी मोटार आणि जुना जावई यांच्या तक्रारी माणसाने चारचौघांत सांगू नयेत, असे आमच्याकडे म्हणतात. लोक दोष जावयाला देत नाहीत, तुम्हालाच देतात. तरीपण यंदा मी सांगणार आहे. जावई मला नाही; मोटार आहे, आणि तीही माझी नव्हे, माझ्या वडिलांची.

आमचे अण्णा वाटूरचे डॉक्टर. जालन्याहून मंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. 1979 साली अण्णांनी एक जुनी प्रीमियर पद्मिनी घेतली. कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेली ही गाडी मूळची फियाट. 1974 पासून तिला राणी पद्मिनीचे नाव मिळाले. आमच्या घरी मात्र शेवटपर्यंत 'फेट'च. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतली शेवटची पद्मिनी 2023 च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली, तेव्हा वर्तमानपत्रात हळहळ छापून आली. अण्णांनी ती वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "आपली आहे अजून."

होती खरी. पण यंदा पाडव्याच्या दिवशी तिच्या डॅशबोर्डाखालून धूर निघाला. शहाऐंशी वर्षांच्या अण्णांनी बॉनेट उघडून बॅटरीची तार स्वतः उपटली म्हणून गाडी वाचली. मी छत्रपती संभाजीनगरहून धावत आलो आणि म्हणालो, "अण्णा, आता पुरे. भंगारवाल्याला देऊन टाकू." नोंदणीची मुदतही भरत आली होती. पंधरा वर्षांपुढच्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते, आणि तपासणीच्या वेळी दिवे, इंडिकेटर, हॉर्न सगळे नीट चालावे लागते. आमच्या गाडीचा उजवा इंडिकेटर दिला की मागचा ब्रेकचा दिवाच लुकलुके.

अण्णा काही बोलले नाहीत. माणूस भांडला तर उत्तर देता येते. गप्प बसला की पंचाईत होते. शेवटी श्रावणात मी फाट्याकडच्या मिस्त्रीचाचांना बोलावून आणले.

चाचांनी वाकून पाहिले आणि म्हणाले, "डाक्टरसाब, हिला ठिगळं लावून भागायचं नाही. पुरी वायरिंग काढावी लागंल."

वाचकहो, मोटारीतल्या विजेची एक गंमत मला त्या दिवशी कळली. करंट दिव्यापर्यंत जातो तारेने, पण परत येतो गाडीच्या पत्र्यातून. आपण नाही का, ऑफिसला बसने जातो आणि पैसे वाचवायला परत पायी येतो, तसेच. पण पत्र्याला गंज चढला की ही परतीची वाट अडते. मग करंट शेजारच्या दिव्याच्या अंगणातून वाट काढतो, आणि इंडिकेटर दिला की ब्रेकचा दिवा डोळे मिचकावतो. चाचांनी गंज घासून पत्रा चकचकीत केला, अर्थाचे पेच नवे बसवले, आणि तो आजार तेवढ्यावर बरा झाला.

बाकी काम आठ दिवस चालले. आधी प्रत्येक तारेच्या टोकाला पांढरी पट्टी चिकटवून आकडा घातला. मग सगळा गुंता अखंड बाहेर काढून ओसरीवर पसरला. तारांचे आवरण बोट लावताच खडीसाखरेसारखे तुटत होते. त्या सांगाड्याशेजारी तेवढ्याच लांबीच्या नव्या तारा मांडल्या. भार जास्त तिथे तार जाड. हिशेब सोपा असतो. पंचेचाळीस वॉटचा हेडलाइट बारा व्होल्टवर पावणेचार अँपिअर ओढतो, म्हणजे जोडीचे साडेसात. एवढा भार जुन्या बटणावर नको, म्हणून चाचांनी मधे रिले घातला.

चौथ्या दिवशी चाचांनी हाक मारली. त्यांच्या हातात एक काळपटलेली तार होती.

"डाक्टरसाब, ही कंपनीची नाही. डायरेक बॅटरीवरून आलीय, मधी फ्यूज नाही. पाडव्याला हीच जळली. कुठं जाते ही?"

तार डॅशबोर्डाखाली एका बेकेलाइटच्या सॉकेटपर्यंत जात होती. मी लहानपणापासून ते सॉकेट पाहिले होते आणि कधी विचारले नव्हते.

अण्णा खुर्चीवरून म्हणाले, "ती बाळंतपणाची."

मग हळूहळू निघाले. रात्री खेड्यावरून बोलावणे यायचे. तिथे वीज नसायची, किंवा असून गेलेली असायची. कंदिलाच्या उजेडात टाके घालता येत नाहीत. म्हणून अण्णांनी हेडलाइटचा एक बल्ब जाळीच्या हातदिव्यात बसवला होता. गाडी दाराशी लावायची, खिडकीतून लांब वायर आत घ्यायची. इंजिन बंद, कारण धूर घरात येतो.

मी मनातल्या मनात गुणाकार केला. पावणेचार अँपिअर, पाच तास. जवळजवळ एकोणीस अँपिअर-तास. डायनामो थांबलेला. जुन्या बॅटरीत मागे राहणार काय? तिकडे गावकरी धक्का मारून गाडी चालू करून देत. येताना हेडलाइट लावलेले, म्हणजे वाटेत बॅटरी भरायची नाहीच. आणि सकाळी आम्ही भावंडे दप्तरे टपावर ठेवून गाडी ढकलत असू. वर्गात पोहोचायला उशीर, हाताला काळे, मुले हसत. 'अण्णा दिवे बंद करायला विसरतात,' हे मी चाळीस वर्षे सर्वांना सांगत आलो. आईसुद्धा तेच म्हणे.

"तुम्ही सांगितलं का नाही कधी?"

"तू विचारलं कुठं?" अण्णा म्हणाले.

मी चाचांना सांगितले, ती तार काढून टाका. तिनेच घात केला होता. चाचा माझ्याकडे न बघता अण्णांकडे बघत म्हणाले, "तार चांगली होती साहेब. फ्यूज नव्हता, एवढीच चूक." त्यांनी नवी तार ओढली आणि बॅटरीजवळच आठ अँपिअरचा फ्यूज घातला. शेवटी बॅटरी जोडण्याआधी मधे एक बल्ब लावून पाहिला. सगळी बटणे बंद असताना तो पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे असे समजायचे. बल्ब पेटला नाही. आम्ही सगळे श्वास धरून त्या न पेटलेल्या बल्बाकडे बघत होतो.

भाद्रपदात गाडी तपासणीत पास झाली. दसऱ्याला झेंडूची माळ घालून तिची पूजा केली. संध्याकाळी अण्णांनी माळ्यावरून तो जाळीचा दिवा काढवला, सॉकेटात लावला आणि अंगणातल्या कडुनिंबाला टांगला. चाचांची नातवंडे, आमची मुले त्याच्याखाली खेळू लागली.

तासाभराने मी म्हणालो, "अण्णा, बंद करू का? बॅटरी उतरेल."

"असू दे रे," अण्णा म्हणाले. "सकाळी ढकलू."

सकाळी मीच ढकलली.