चालत्या मुलाची बाबागाडी

दिवाळीची गिऱ्हाइकी ओसरली आणि चांदीच्या पैंजणांच्या मोठ्या मागण्या पुऱ्या झाल्या, म्हणजे हुपरीतल्या घराघरांत सहलीचे बेत सुरू होतात. आणि ज्या पिढीने जोतिबा, नृसिंहवाडी आणि फार तर पंढरपूर एवढ्यावर समाधान मानले, तिची नातवंडे आता इमॅजिकाचा किंवा वंडरलाचा हट्ट धरतात. ही दोन्ही मनोरंजन उद्याने : खोपोलीजवळचे इमॅजिका २०१३ साली सुरू झाले, बंगळूरजवळ बिडदीचे वंडरला २००५ साली. एक आपल्यापासून तीनशेहून अधिक किलोमीटर उत्तरेला, दुसरे जवळजवळ त्याच्या दुप्पट अंतरावर दक्षिणेला. रात्रभर गाडीत अवघडून झोपायचे, सकाळी दार उघडताच आत शिरायचे, आणि तिकिटाचे पैसे वसूल व्हावेत म्हणून दिवे लागेपर्यंत बाहेर पडायचे नाही, असा या सहलींचा शिरस्ता आहे. अशा एका दिवसात आठ-दहा किलोमीटर चालणे होते, आणि तेही बहुतांशी उन्हात, डांबरावर आणि फरसबंदीवर. या सहलीला निघताना कपडे, टोप्या, शिदोरी, औषधे या साऱ्यांची तजवीज आपण बारकाईने करतो; परंतु पाच, सहा, सात वर्षांच्या मुलाच्या पायांची तजवीज मात्र कोणी करीत नाही, आणि या वयाच्या मुलासाठी बाबागाडी न्यावी असे कोणी सुचविलेच तर घरातली वडील मंडळी तो विषय एका वाक्यात निकालात काढतात : ‘एवढं थोराड पोरगं, आनि गाडीत घालून ढकलत्यात व्हय?’

या वाक्याचा धाक फार मोठा आहे. मूल चालू लागले की गाडी माळ्यावर गेली पाहिजे, आणि त्यानंतर जो तिच्यात बसेल तो लाडावलेला, व जे बसवतील ते आईबाप ऐदी, असा निवाडा आपण दप्तर न पाहताच देऊन टाकतो. माझे म्हणणे याच्या अगदी उलट आहे, आणि ते मी पूर्ण गांभीर्याने मांडतो : चांगल्या चालत्या, धावत्या, झाडावर चढणाऱ्या मुलासाठीही अशा दिवसभराच्या सहलीत गाडी न्यावी, त्यात लाजिरवाणे काहीही नाही, आणि ती गाडी मुलाचे वय पाहून नव्हे, तर त्याचे वजन आणि त्याच्या बैठकीची उंची पाहून निवडावी.

पाच वर्षांच्या मुलाची उंची साधारण एकशे दहा सेंटिमीटर असते. बापाच्या एका पावलाला त्याची दीड-दोन पावले पडतात, म्हणजे बापाच्या दहा किलोमीटरांत मुलाच्या पायांवर किती भार येतो याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. शाळेच्या मैदानावर तेच मूल तासभर न थकता धावते हे खरे. परंतु तिथे ते मनाला येईल तेव्हा थांबते, बसते, मातीत लोळते आणि पुन्हा उठते. उद्यानातले चालणे तसे नसते. तिथे मोठ्यांच्या गतीने चालावे लागते, रांगेत उभे राहावे लागते, आणि ही रांगच मुलाला सर्वांत जास्त थकवते. दुपारी तीनच्या सुमारास कोणत्याही उद्यानात डोळे उघडे ठेवून पाहा : सकाळी हात सोडून पळणारी मुले आता रस्त्यात बसकण मारून रडत असतात, ज्या पाळण्यासाठी महिनाभर हट्ट केला त्याच्यापाशी पोहोचल्यावर ‘मला नको’ म्हणत असतात, आणि त्यांच्या माथ्यावर आईबाप थकून, चिडून ओरडत असतात. तो हट्ट नव्हे, तो थकवा असतो. आणि थकलेल्या मुलावर हात उगारणे हा अन्याय आहे, हे आपण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

मग मुलाला उचलले जाते. इथे आपल्या गावचा एक विशेष प्रश्न येतो, ज्याचा विचार शहरातल्या वर्तमानपत्रांत कोणी करणार नाही. हुपरीत तार ओढण्यापासून कड्या गुंफण्यापर्यंत, झाळकामापासून घुंगरू जोडण्यापर्यंतची बरीचशी कामे घरोघरी, खाली बसून, मान व पाठ वाकवून, तासन्‌तास केली जातात. त्यांत स्त्रियांचा वाटा मोठा आहे. ज्या माउलीने वर्षभर मांडीशी दिवा घेऊन केसासारख्या कड्या जुळवल्या, तिच्या मानेची आणि कमरेची काय अवस्था असते हे या गावात कोणास सांगावे लागू नये. आणि वर्षातून एकदा मिळालेल्या सुटीच्या दिवशी तिनेच वीस किलोंचे मूल कडेवर आणि मग पाठुंगळी घेऊन फिरावे, अशी अपेक्षा करणे क्रूरपणाचे आहे. गाडीने मूल आळशी होईल अशी भीती दाखवणाऱ्यांनी या दुसऱ्या देहाचाही विचार करावा.

आता निवडीविषयी. हुपरीत चांदीची रतीभर वस्तूदेखील तराजूवर घातल्यावाचून कोणी घेत-देत नाही. पण तोच सराफ कोल्हापूरच्या दुकानात बाबागाडी घ्यायला गेला म्हणजे कापडाचा रंग पाहतो, छत्रीची झालर पाहतो, आणि ज्याला तिच्यात बसवायचे त्या मुलाचे वजन मात्र त्याला ठाऊक नसते. सबब पहिली गोष्ट ही, की दुकानात जाण्यापूर्वी मुलास काट्यावर उभे करावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कोष्टकात पाच वर्षांच्या मुलाचे मध्यम वजन १८.३ किलो, सहाव्या वर्षी २०.५ आणि सातव्या वर्षी २२.९ किलो धरले आहे. मुलींचे थोडेसे कमी. उलटपक्षी, बाजारातल्या पुष्कळशा साध्या गाड्या १५ किलोंच्या मर्यादेच्या असतात. युरोपातल्या मानकाचेच दोन भाग आहेत : पहिला १५ किलोंपर्यंतच्या गाड्यांसाठी, आणि दुसरा १५ च्या पुढे २२ किलोंपर्यंतच्या गाड्यांसाठी. म्हणजे आपण ज्या मुलाविषयी बोलतो आहोत तो मुळात या दुसऱ्या वर्गाचा उमेदवार आहे, आणि सात वर्षांचे सुदृढ मूल त्याही वर्गाच्या उंबरठ्याबाहेर पडते. ही मर्यादा गाडीच्या दांड्यावर किंवा बैठकीखाली चिकटवलेल्या कागदावर छापलेली असते. ती वाचल्यावाचून पैसे मोजू नयेत, आणि ती छापलेलीच नसेल तर ती गाडी मोठ्या मुलासाठी घेऊच नये.

मर्यादेबाहेरच्या वजनाने गाडी तत्काळ मोडून पडते असे नव्हे, आणि म्हणूनच लोक फसतात. बिघाड हळूहळू होतो. बैठकीचे कापड झोळीसारखे लोंबते, मुलाचे गुडघे छातीपर्यंत येतात आणि पाय पायटीवर न राहता खाली घासू लागतात; पुढे घडीच्या सांध्यातले रिबीट सैल होतात, आणि पुढची फिरती चाके वाकडी बसल्यामुळे गाडी सारखी एका अंगाला ओढू लागते. दुकानातच मुलाला बूट घालून, पाठ टेकवून बसवावे आणि बाजूने पाहावे. डोके छताला लागते का, खांदे पाठीच्या वर निघतात का, पाय पायटीवर सपाट टेकतात का, एवढे पाहिले की विक्रेत्याच्या वर्णनाची आवश्यकता राहत नाही. मोठ्या मुलाला पूर्ण आडवी होणारी पाठ लागत नाही, पण थोडी कलणारी पाठ लागते. कारण दुपारी ते बसल्याबसल्या झोपते, आणि पाठ ताठ असली तर मान पुढे लोंबकळते.

याहून एक गोष्ट अधिक धोक्याची आहे आणि तिच्याकडे कोणाचेच लक्ष नसते. गाडी हाती आली की तिच्या मुठींना पाण्याच्या बाटल्या, ओले कपडे, डबे यांच्या पिशव्या अडकवल्या जातात. मूल आत बसलेले असेतोवर त्याच्या वजनाने तोल राहतो; ते पाळणा पाहून एकदम उडी मारून उतरले, की गाडी पिशव्यांच्या भाराने मागे उलटते, आणि मागे दुसरे लहान मूल उभे असेल तर त्याच्या अंगावर. सामान बैठकीखालच्या जाळीतच ठेवावे. मूल चढताना व उतरताना ब्रेक लावलेला असावा, आणि पायटीवर उभे राहून चढण्याची सवय पहिल्याच दिवशी मोडावी. उन्हाची झळ लागू नये म्हणून काही मंडळी गाडीवर ओढणी किंवा चादर पूर्ण पांघरतात. त्याने आतली हवा कोंडून उष्मा वाढतो, म्हणून रुंद छत्री असलेली गाडी घेणे हाच खरा उपाय.

गाडीचे स्वतःचे वजनही विचारात घेतले पाहिजे. छत्रीसारखी मिटणारी गाडी पाच ते सात किलोंची असते, भक्कम चौकटीची दहा-बारा किलोंची. ज्या घराला भाड्याच्या गाडीच्या टपावर किंवा एस.टी.च्या डिकीत सामान टाकून जायचे आहे त्याला दुसरी परवडत नाही. पण ज्याचे मूल वीस किलोंवर गेले आहे त्याला पहिली सहसा चालत नाही. या दोहोंच्या मधला मार्ग असा, की उद्यानातच गाडी भाड्याने मिळते का याची चौकशी आधी फोनवरून करावी, आणि विचारताना ‘गाडी आहे का’ एवढेच न विचारता ‘किती किलोंच्या मुलाला चालते’ हेही विचारावे. कारण भाड्याच्या गाड्या बहुधा तान्ह्या मुलांचा विचार करून ठेवलेल्या असतात. परदेशी जाणाऱ्यांसाठी आणखी एक खुलासा आवश्यक आहे. अमेरिकेतल्या डिस्नेच्या उद्यानांनी १ मे २०१९ पासून ३१ इंचांहून रुंद किंवा ५२ इंचांहून लांब गाड्यांना मज्जाव केला आहे, आणि ओढून न्यायच्या वॅगनगाड्या सरसकट बंद केल्या आहेत. तेव्हा दोन भावंडांसाठी जोडगाडी नेणाऱ्यांनी फीत लावून मोजूनच ती विमानात चढवावी. मात्र या फर्मानातली लक्षणीय बाब वेगळीच आहे : नियम गाडीच्या आकाराला आहे, तिच्यात बसणाऱ्याच्या वयाला नाही. सहा-सात वर्षांची मुले तिथे गाडीत बसलेली दिसतात आणि त्याकडे कोणी वळून पाहत नाही.

वळून पाहणे हाच आपल्याकडचा खरा जाच आहे, आणि त्याचा सर्वाधिक त्रास ज्यांना होतो त्यांच्यासाठी मी हा लेख मुख्यतः लिहीत आहे. सेरेब्रल पाल्सी असलेले, स्नायूंचे बळ कमी असलेले किंवा हृदयविकारामुळे चटकन धाप लागणारे मूल. त्याचप्रमाणे गर्दी आणि गोंगाट सहन न होणारे स्वमग्न मूल, ज्याला छत्री पुढे ओढलेली गाडी ही त्या कोलाहलातली एकमेव ओळखीची जागा असते. या मुलांपैकी कित्येकांचा आजार चेहऱ्यावर दिसत नाही. लोकांना दिसतो तो गाडीत बसलेला ‘धडधाकट’ आठ वर्षांचा मुलगा, आणि लागलीच शेरे सुरू होतात. त्या आईने अनोळखी माणसासमोर रांगेत उभे राहून मुलाच्या व्याधीचा दाखला काय म्हणून द्यावा? डिस्नेच्या उद्यानांत अशा कुटुंबाच्या बाबागाडीला एक खूण बांधून देतात, आणि ती खूण असलेली गाडी व्हीलचेअर समजून रांगेच्या आतपर्यंत नेण्याची मुभा मिळते. या तरतुदीला फारसा खर्च लागत नाही. आपल्या उद्यानांनी, संग्रहालयांनी आणि देवस्थानांनी ती उद्यापासून अमलात आणावी. आपल्या देशातही २०१६ चा दिव्यांग हक्क अधिनियम एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वांना मान्यता देतो, आणि सार्वजनिक वापराच्या जागा सर्वांना सुगम असाव्यात अशी त्याची आज्ञा आहे. दिव्यांगांना साहाय्यक साधने देणारी केंद्र सरकारची योजना तर १९८१ पासून चालत आली आहे. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी विशेष खुर्च्या बनतात, जास्त वजनाच्या मुलांसाठी भक्कम गाड्याही मिळतात. ज्यांना नित्य गरज आहे त्यांनी बाजारातल्या साध्या गाडीवर वेळ मारून न नेता तज्ज्ञांच्या सल्ल्याने तीच घ्यावी.

गाडी सर्वत्र न्यावी असे मात्र मी म्हणणार नाही. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत, भंडाऱ्याची उधळण चाललेली असताना आणि माणसाला माणूस चिकटलेले असताना, मुलाची जागा बापाच्या खांद्यावरच आहे. तिथे जमिनीलगतची गाडी म्हणजे मुलाच्या नाकातोंडात धूळ आणि भोवतालच्यांच्या पायांत अडथळा. जोतिबाच्या पायऱ्यांवरही तिचा उपयोग नाही. पण कणेरी मठाच्या सिद्धगिरी संग्रहालयासारख्या ठिकाणी, जिथे ग्रामजीवनाचे देखावे पाहत पाहत दीर्घकाळ चालावे लागते आणि मुलांनी ते पाहावेत अशीच आपली इच्छा असते, तिथे सात वर्षांच्या मुलासाठी गाडी नेण्यात मला काहीच वावगे दिसत नाही. ज्याला खोपोलीस जायचे आहे त्याने आधी कणेरीस एक दिवस ती चालवून पाहावी. सांधे, चाके आणि मुलाचा स्वभाव, तिन्हींची परीक्षा घरापासून जवळच होऊन जाते.

राहता राहिला पैशाचा प्रश्न. वर्षातून एका सहलीसाठी प्रत्येक घराने २२ किलोंच्या मर्यादेची गाडी विकत घ्यावी, असे सांगणे सामान्य कारागिराच्या कुटुंबाला शोभणारे नाही. आपल्या गावात तरुण मंडळे आहेत, वाचनालये आहेत, आता नगरपरिषदही आहे. यांपैकी कोणी दोन-तीन भक्कम गाड्या घेऊन ठेवाव्यात आणि अनामत रक्कम घेऊन त्या आठवड्यापुरत्या द्याव्यात. नोंदवहीत नेणाऱ्याच्या नावापुढे मुलाचे वय लिहिण्याचे कारण नाही, वजन लिहावे. गाडी परत आली की चाके, ब्रेक आणि घडीचे रिबीट पाहून मगच अनामत परत करावी, आणि कापडाची खोळ धुऊन वाळवल्याशिवाय गाडी पुढच्या घरी देऊ नये. मे महिन्याच्या सुटीत मागणी वाढेल, तेव्हा ज्यांच्या मुलाला चालण्याची अडचण आहे त्यांचा हक्क पहिला, एवढा नियम वहीच्या पहिल्याच पानावर मुक्रर करावा.