दहा मिनिटांचे चारशे रुपये

कुलूप बिघडलं तर चावीवाल्याला बोलवावं, या माझ्या ठरावाला आमच्या सोसायटीत अजून अनुमोदक मिळालेला नाही. विरोधी पक्षाचे पुढारी म्हणजे वरच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनियर. त्यांच्या मते कुलूप म्हणजे चार पट्ट्या आणि चार स्प्रिंगा. सुशिक्षित माणसानं त्यासाठी बाहेरचा माणूस बोलावणं म्हणजे चहा ढवळायला आचारी लावण्यासारखं आहे.

गेल्या पावसाळ्यापर्यंत मीही त्यांच्याच पक्षात होतो. पक्षांतर का केलं ते सांगतो.

वाशीचा पाऊस आणि खाडीची दमट हवा यांत पापड, मीठ आणि लाकूड या तीन गोष्टी आपापला स्वभाव सोडतात. जुलैत आमच्या दाराचं कुलूप अडायला लागलं. मी आधी खोबरेल तेल सोडलं. दोन दिवस कुलूप सुतासारखं चाललं आणि तिसऱ्या दिवशी पाम बीच रस्त्यावरची झाडून सगळी धूळ त्या तेलात येऊन बसली. मग एका रविवारी, ही भाजी आणायला गेलेली पाहून, इंजिनियरांच्या मार्गदर्शनाखाली मी कुलपाचं पोट फाडलं.

आत पितळी पट्ट्या एकावर एक बसलेल्या असतात. त्यांना लिव्हर म्हणतात. प्रत्येकीला आपली स्प्रिंग. किल्लीचे दात प्रत्येक पट्टीला नेमक्या तिच्या उंचीवर उचलतात, तेव्हाच दांडा सरकतो. पट्ट्यांचा क्रम चुकला की किल्ली तीच, कुलूप तेच, पण ओळख विसरलेली! हे मला आता माहीत आहे. तेव्हा मी त्या धुतल्या, पुसल्या आणि पाटावर वड्या थापाव्यात तशा हौसेनं रचल्या. एक स्प्रिंग टुणकन उडून फ्रिजखाली गेली. "एवढ्यानं काही अडत नाही," इंजिनियर म्हणाले.

चाचणी घ्यायला आम्ही दोघं जिन्यात आलो आणि दार ओढून घेतलं. खट्! आवाज फार सुरेख आला. तो शेवटचा. त्यानंतर किल्ली फिरेना, आतला खटकाही फिरेना. आत आई होती, वय वर्षं चौऱ्याऐंशी. आणि गॅसवर दूध होतं.

"आई, गॅस बंद कर!" मी ओरडलो.

वॉकरची ठकठक हॉलमधून स्वयंपाकघराकडे निघाली. आमचा हॉल चौदा फुटांचा आहे हे मी नाना फॉर्मांवर लिहून दिलेलं आहे; तो किती लांब आहे हे त्या दिवशी कळलं. मध्येच ठकठक थांबली. मी हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन उभा. इंजिनियर प्रथमच गप्प होते. मग ती पुन्हा सुरू झाली, आणि बऱ्याच वेळानं दाराशी येऊन आई म्हणाली, "केला रे बंद. तू घाबरू नकोस."

तेवढ्यात ही आली. एक अक्षर न बोलता तिनं पिशवी खाली ठेवली आणि सेक्टर सतराच्या चावीवाल्याला फोन लावला. सिडकोनं आखलेल्या या शहरात प्रत्येक गोष्टीला सेक्टर आणि प्लॉट नंबर आहे. याचा पत्ता मात्र 'बँकेसमोरचं झाड'. त्याचा नंबर तिनं कधीपासून साठवून ठेवला होता हे मी विचारलं नाही. काही उत्तरं न मिळालेली बरी.

चावीवाल्यानं कुलपाकडे बघण्याआधी माझ्याकडे बघितलं. "घर तुमचंच ना?" मी आशेनं इंजिनियरांकडे पाहिलं. "हो, म्हणजे, इथंच राहतात," ते म्हणाले. यावर त्याचं समाधान होईना. त्यानं दाराला तोंड लावून विचारलं, "आजी, हे बाहेर उभे आहेत ते कोण तुमचे?"

"मुलगा आहे माझा," आतून आवाज आला. "पण कुलपाला हात लाव असं मी सांगितलं नव्हतं."

दोन वाकड्या तारा, एक मिटलेला डोळा आणि दहा मिनिटं. दार उघडलं. त्यानं पट्ट्या किल्लीशी ताडून ओळीनं लावल्या, पेटीतली एक स्प्रिंग बसवली आणि निदान सांगितलं. "कुलूप बिघडलंच नव्हतं, साहेब. दार फुगलंय. दार उघडं ठेवून किल्ली फिरवून बघायची. फिरली, तर दोष कुलपाचा नाही." मग चौकटीवरच्या पट्टीचं भोक कानशीनं जरासं वाढवलं, बिजागरीचे स्क्रू आवळले, नातवाची पेन्सिल मागून घेऊन शिशाची पूड किल्लीला चोळली आणि चारशे रुपये मागितले.

"दहा मिनिटांच्या कामाचे चारशे?" इंजिनियरांना कंठ फुटला. "लूट आहे ही!"

इथं माझं आणि त्यांचं वाजलं. तो माणूस तीन तास झटला असता, घामाघूम झाला असता, दोनदा पाणी मागून प्यायला असता, तर चारशे देऊन वर आपण चहाही पाजला असता. त्याला काम येतं म्हणून लवकर झालं, आणि लवकर झालं म्हणून पैसे कापायचे! आपल्याला कसब नकोच असतं, घाम हवा असतो. दोन मिनिटांत दाढ काढणाऱ्या डॉक्टरचा हात हलका म्हणून आपण गावभर सांगत फिरतो. तासाच्या हिशेबानं दाढ उपटून घेणारा मला अजून भेटायचाय. आणि घरी केलं की फुकट होतं, असं म्हणता? त्या चौदा फुटांच्या चालीचे पैसे कुठल्या रकान्यात मांडायचे?

इंजिनियर हार मानणारे नव्हेत. म्हणाले, परक्याला कुलूप दाखवूच नये; फ्रान्सच्या सोळाव्या लुईला विचारा. गामँ नावाच्या त्याच्या कुलूपवाल्यानं राजवाड्यातलं गुप्त लोखंडी कपाट १७९२ साली सरकारला दाखवून दिलं, आणि जानेवारी १७९३ मध्ये राजाचं मुंडकं गेलं. मी म्हटलं, खरं आहे, पण राजाची आणि गामँची गट्टी जमली कशी? राज्य करायचं सोडून स्वतः कुलपं घडवायच्या नादानंच ना? आमच्या माणसानं तर मालकाचीच उलटतपासणी घेतली! "मग अर्देशीर गोदरेज? वकीलच होते की ते!" होते. वकिली कायमची सोडून १८९७ साली लालबागेत कुलपं करायला बसले. रविवारचे पोहे आणि दुपारची झोप यांच्या मधल्या वेळात नव्हे.

मी काही टोकाचा माणूस नाही. दार उघडं ठेवून किल्ली फिरवावी, पेन्सिल चोळावी; इथपर्यंत गृहस्थाची हद्द. स्क्रूड्रायव्हरपासून दुसऱ्याचं राज्य सुरू होतं. आमचा तर आता आईच्या उशाखाली असतो.

परवा इंजिनियर आले आणि इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी चावीवाल्याचा नंबर मागितला. नेरुळच्या एका मित्राला हवा होता म्हणे. मी लगेच दिला. सकाळी गच्चीवरून उतरताना त्यांच्या दाराची कडी सुतळीनं बांधलेली मी पाहिली होती, पण मित्राबद्दल काही विचारलं नाही.