‘तैमूर रुबी’ : फसले कोण?

ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहातील ‘तैमूर रुबी’ हे माणिक नसून सुमारे ३५२ कॅरटचे स्पिनेल आहे. एवढे सांगून झाले की पुढचे वाक्य ठरलेले असते : मुघल बादशहा फसले. हे वाक्य मला अन्यायाचे वाटते.

मुघल दरबाराची भाषा फारसी. तीत माणकाला ‘याकूत’ आणि बदख्शानच्या या तांबड्या खड्याला ‘लाल’ अशी स्वतंत्र नावे होती. (तांबडा खडा दिसला की ‘माणिक’ म्हणून मोकळे होणारे आपणच!) लाल हा याकूतापेक्षा मऊ, हे अल्-बेरूनीने अकराव्या शतकातच नोंदवले होते; आजच्या काठिण्यश्रेणीत हे अंक ८ आणि ९ असे येतात. जहांगीर, शाहजहान यांनी आपली नावे कोरवली, ती लालावर. पैलूही पाडले नाहीत. केवळ झिलई दिली.

गोंधळ झाला तो नंतर. इंग्रजीत लालाला ‘बलास रुबी’ म्हणत. १८५१ मध्ये व्हिक्टोरिया राणीकडे गेलेल्या या खड्याच्या नावात ‘बलास’ उरले नाही. आणि तैमूर? खड्यावर ‘साहिबकिरान’ हा किताब कोरलेला आहे. तो तैमूरचा म्हणून प्रसिद्ध होता खरा, पण येथे तो नादिरशहाने स्वतःसाठी कोरवला होता.