अपूर्णांकाची शिकवणी घरीच लावा

घरात पाचवी-सहावीचं मूल असेल तर हे तुमच्यासाठी आहे. आई-बाबांनी वाचावंच. पण आजी-आबांनी आधी वाचावं.

या वयात गणितात एक वळण येतं. तोवर बरं चाललेलं मूल तिथे अडखळतं. १/२ आणि १/३ यांची बेरीज २/५ अशी लिहून आणतं. वरच्यात वरचा मिळवला, खालच्यात खालचा मिळवला. त्याच्या लेखी बेरीज झाली. मग घरात चिडचिड होते, आणि पुढच्या महिन्यात शिकवणी लागते.

शिकवणी लावण्याआधी त्याला एक प्रश्न विचारा. २/५ अर्ध्याहून जास्त की कमी? कमी. मग अर्ध्यात आणखी काही घातलं, तर ते अर्ध्याहून कमी कसं झालं?

मूल हसेल. चुकलं हे त्याला कळेल, पण कुठे ते सापडणार नाही. कारण घोडं बेरजेत अडलेलं नाही, त्याच्या आधीच्या धड्यात अडलंय. वेगळे दिसणारे दोन अपूर्णांक एकाच मोलाचे असू शकतात, हे त्याला अजून पटलेलं नाही. पुस्तकात त्यांना सममूल्य अपूर्णांक म्हणतात.

आणि हे तर तुम्हाला येतं. तुम्ही जन्मभर वापरलंय.

‘बारा आणे काम झालंय’ असं तुम्ही आजही म्हणता. रुपयाचे सोळा आणे. त्यातले बारा, म्हणजे १२/१६. एप्रिल १९५७ पासून रुपया शंभर पैशांचा झाला, तेव्हा बारा आण्यांचे पंचाहत्तर पैसे झाले. म्हणजे ७५/१००. दोन्ही म्हणजे पाऊण रुपयाच, ३/४. आकडे तीन तऱ्हेचे, पण खिशातली रक्कम तीच. ज्या आजी-आबांनी लहानपणी पावकी, निमकी, पाउणकी घोकली, त्यांनी तर या विषयाला भिण्याचं कारणच नाही.

बडोद्यातल्या मराठी घरांत आणखी एक अडचण सांगतात. नातू गुजराती नाहीतर इंग्रजी माध्यमात. त्याचं पुस्तक आम्हाला कुठे कळतं? अहो, गुजराती पुस्तकातही वरच्या आकड्याला अंश आणि खालच्याला छेदच म्हणतात. इंग्रजीवाल्याला ते न्यूमरेटर आणि डिनॉमिनेटर म्हणू द्या. तुम्ही वरचा-खालचा म्हणालात तरी त्याचं काही बिघडत नाही.

आता बसा.

जुन्या वहीचा एक कागद घ्या. मधोमध घडी घाला. उघडा. एका अर्ध्यात मुलाला रंग भरू द्या. हे १/२.

कागद परत मिटा आणि दुसऱ्या बाजूने आणखी एक घडी घाला. उघडण्याआधी विचारा, किती भाग होतील? चार, हे बहुतेक मुलं सांगतात. उघडून बघा. चारांतले दोन रंगलेले. २/४.

तिसरी घडी घाला. पुन्हा विचारा. इथे बरीच मुलं ‘सहा’ म्हणतात. दोन, चार, मग सहा. लगेच दुरुस्त करू नका. त्याच्याच हाताने उघडू द्या आणि त्यालाच मोजू द्या. आठ निघतील. त्यातले चार रंगलेले. ४/८.

आता मुख्य प्रश्न. मघाचा रंग वाढला का? कमी झाला का? नाही. मग १/२, २/४ आणि ४/८ यांत मोठा कोण? त्याचं उत्तर त्याच्या तोंडून येऊ द्या. तुम्ही सांगितलंत तर ते पाठ होईल, पण पटणार नाही.

पुस्तकांत इथे पिझ्झा असतो. घरात पोळी कापून दाखवतात. मला ते फारसं पसंत नाही. गोल पोळीचे सारखे तीन किंवा पाच भाग मोठ्या माणसालाही जमत नाहीत. आणि भाग सारखे नसले की सगळंच मुसळ केरात. अपूर्णांकाची पहिली अट सारख्या भागांची आहे, हे मुलाला बजावून सांगा.

चौकोनी ताट मात्र उत्तम. घरी सुखडी होतेच. कणीक तुपात भाजायची, गूळ घालायचा, ताटात थापायची आणि गरम असतानाच सुरीने रेघा पाडायच्या. पुढच्या वेळी त्या रेघा मुलाला पाडू द्या.

आधी उभ्या दोनच रेघा. तीन पट्टे झाले. त्यातले दोन घरासाठी, एक शेजारच्या बेनना. घरचा वाटा २/३.

आता आडव्या तीन रेघा. प्रत्येक पट्ट्याचे चार तुकडे झाले. एकंदर तुकडे बारा, आणि घरच्या वाट्याचे आठ. ८/१२. सुखडी तेवढीच आहे आणि घरचा वाटाही तेवढाच आहे.

इथे मुलाला दाखवा की सुरीने घरचे पट्टेही चौपट केले आणि शेजारचाही. म्हणून खालचा तीन चारने गुणला गेला, तसाच वरचा दोनही चारने गुणला गेला. एकालाच गुणून चालत नाही, हा नियम त्याला ताटात दिसला पाहिजे. एवढं दिसलं की निम्मा धडा संपला.

नियम असा. अंश आणि छेद दोघांना एकाच संख्येने गुणा, मोल बदलत नाही. दोघांना एकाच संख्येने भागा, तरीही बदलत नाही. ती संख्या शून्य मात्र नको.

गुणायचं, मिळवायचं नाही. हा घोटाळा फार होतो. २/३ च्या वर एक मिळवला, खाली एक मिळवला, की ३/४ येतं. मुलाला वाटतं दोघांशी सारखंच वागलो. त्याला परत ताटाशी न्या. बारा तुकड्यांतले २/३ म्हणजे आठ. बारा तुकड्यांतले ३/४ म्हणजे तीन-तीनचे तीन गट, नऊ. एक तुकडा जास्त झाला. तो शेजारच्या बेनच्या वाट्यातून गेला.

मग वहीत या. सोपं उदाहरण आधी. ३/५ बरोबर किती/२०? विचारा, पाचाचे वीस कशाने होतात? चारने. मग तीनलाही चारने गुणा. १२/२०.

आता जिथे मुलं खरी अडतात ते. ६/८ बरोबर किती/१२? आठाला कशाने गुणलं की बारा? पाढ्यात बसत नाही. मूल पेन्सिल चावत बसतं. काही मुलं आठात चार मिळवले म्हणून सहातही चार मिळवतात आणि १०/१२ लिहितात.

अशा वेळी आधी लहान करायला सांगा. ६/८ ला वरखाली दोनने भागा. ३/४. आता चाराचे बारा करणं सोपं आहे. तीनने गुणा. ९/१२. आधी उतरायचं, मग चढायचं. ही सवय लागली की पुढच्या इयत्तांत गुणोत्तर-प्रमाण आणि शेकडेवारी फारशी जड जात नाही.

उत्तर तपासायला एक रीत आहे. तिरपं गुणा. ६ गुणिले १२ बहात्तर, ८ गुणिले ९ बहात्तर. दोन्ही सारखे आले म्हणजे अपूर्णांक सममूल्य. पण ही रीत तपासण्यापुरती ठेवा. आधीच हाती दिलीत तर मूल ताट विसरेल आणि नुसतं गुणत बसेल.

लहान करताना मोठ्या भाजकाचा हट्ट धरू नका. १८/२४ ला थेट सहाने भागता आलं तर उत्तम. नाही सुचलं तर आधी दोनने भागू द्या, ९/१२. मग तीनने, ३/४. दोन पायऱ्यांनी गेलं तरी गाठलं तेच. एकाशिवाय दोघांना भागणारी संख्या उरली नाही की थांबायचं.

आता ती सुरुवातीची बेरीज काढा. १/२ चे सहांश करा, ३/६. १/३ चे सहांश करा, २/६. छेद सारखे झाले, म्हणजे दोन्हीकडचे तुकडे एकाच मापाचे झाले. आता मिळवा. ५/६. अर्ध्याहून जास्त आहे का, ते मुलालाच बघू द्या.

हे काही आत्ताच्या अभ्यासक्रमाने आणलेलं झेंगट नाही. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या ‘लीलावती’त छेद सारखे करण्याची रीत दिलेली आहे. त्याच्याही आधी, अकराव्या शतकात, श्रीपतीने ‘गणिततिलक’ लिहिलं. त्यातही अपूर्णांकांचं प्रकरण आहे. ते पुस्तक सिंहतिलकसूरींच्या टीकेसह छापून निघालं ते आपल्याच बडोद्यातून, १९३७ साली, गायकवाड प्राच्यविद्या मालेत. आणि याच संस्थानात सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात आणि १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. मुलाला शाळेत धाडलं नाही तर पालकांना दंड होता. आता दंड नाही. पण मुलासाठी रोज पंधरा मिनिटं काढायला काय हरकत आहे?

वहीतून उठलात की मुलाला बाजारात न्या. खंडेराव मार्केटमागे भाजी घ्यायला जाता ना? तिथे एक जण ओरडतो, ‘वीसना अढीसो’. दुसरा म्हणतो, ‘पांत्रीसना पाचसो’. वीस ऐकायला स्वस्त वाटतं. मुलाला म्हणा, दोघांचे भाव किलोवर आण. अडीचशे ग्रॅमचे हजार करायला चारने गुणायचं, मग विसाचे ऐंशी. पाचशेचे हजार करायला दोनने, मग पस्तिसाचे सत्तर. किलोमागे दहा रुपयांचा फरक. २०/२५० आणि ३५/५०० यांचे छेद त्याने सारखे केले. भाजीवाल्याने तुम्हाला फसवलेलं नसतं. तो त्याच्या सोयीचा छेद सांगतो, तुम्ही तुमच्या सोयीचा करून घ्यायचा.

दुकानातल्या पाट्याही वाचायला लावा. एकीकडे ‘दोनावर एक फुकट’, दुसरीकडे ‘चारावर दोन फुकट’. दुसरी सवलत घसघशीत वाटते. तीनांतला एक फुकट, १/३. सहांतले दोन फुकट, २/६. सवलत एकच. फरक एवढाच की दुसऱ्या दुकानात तुम्ही दोन ऐवजी चारांचे पैसे मोजून आलात.

सोनं घेताना तर हे यायलाच हवं. शुद्ध सोनं २४ कॅरट. बावीस कॅरट म्हणजे २२/२४, लहान केलं की ११/१२. बारा ग्रॅमच्या साखळीत अकरा ग्रॅम सोनं, एक ग्रॅम दुसरा धातू. दागिन्यावर ९१६ असा हॉलमार्क असतो तो याचाच. ११/१२ चे हजारांश केले की नऊशे सोळा आणि वर थोडं येतं. अठरा कॅरट म्हणजे १८/२४, म्हणजे ३/४. त्यावर ७५० लिहिलेलं असतं. मांडवीत सराफाच्या पेढीवर बसाल तेव्हा मुलाला भिंग मागून घ्यायला सांगा आणि तो आकडा वाचू द्या. सराफ नाही म्हणणार नाही. नाही म्हणाला तर दुकान बदला.

आणि एक गोष्ट पालकांसाठी. एका चाचणीत मुलाला वीसपैकी सतरा मिळाले, दुसरीत पंचवीसपैकी एकवीस. दुसरीत ‘जास्त’ मिळाले म्हणून शाबासकी देऊ नका आणि पहिलीवरून रागावू नका. १७/२० चे शंभरांश ८५. २१/२५ चे शंभरांश ८४. पहिलीच चाचणी बरी गेली होती. मूल हे स्वतः करून दाखवेल, तेव्हा तुम्हाला चार शब्द ऐकवेलही. ऐकून घ्या.

दोन पथ्यं पाळा. मुलाला येत नसेल तर ‘एवढं साधं येत नाही?’ असं म्हणू नका. हे साधं नाही. आजवर त्याला प्रत्येक संख्येचं एकच रूप माहीत होतं. सात म्हणजे सात. आता एकाच मोलाला हवी तेवढी रूपं आहेत असं आपण त्याला सांगतोय. वेळ लागणारच.

दुसरं, एका बैठकीत सगळं उरकू नका. घडीचा कागद एका दिवशी, सुखडी दुसऱ्या दिवशी, वही त्यानंतर. बाजार तर रोजचाच आहे.

रविवारसाठी थोडी गणितं देतो. ४/६ बरोबर किती/१५? उत्तर १०, पण ते २/३ वरून आलं पाहिजे. ५/८ मोठा की ३/५? चाळिसांश करा, २५ आणि २४. ४५/६० तास म्हणजे पाऊण तास कसा झाला ते घड्याळ समोर ठेवून विचारा.

शेवटचं, १७/५१ लहान करा. मूल दोनने बघेल, तीनने बघेल, पाचने बघेल आणि म्हणेल, जात नाही. लगेच सांगू नका. जेवायला वाढेपर्यंत थांबा. तरी सुचलं नाही तर आजींनी स्वयंपाकघरातून सतराचा पाढा म्हणायला घ्यावा. तिसऱ्याच ओळीला उत्तर आहे.